स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणणारी पणजीची कन्सल्टन्सी: ५ पैकी अडीच स्टार

नाव लिहीत नाही कारण आमच्या मुलीचे, बायचे, काही पेपर अजून त्यांच्याकडे अडकलेत, पण पणजीत १२वीच्या मुलांना घेऊन फिरलेल्या पालकांना कळेल कुठली ती. आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे, मुलगी गेल्या वर्षी गोवा बोर्डातून १२वी सायन्स झाली, तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं होतं आणि तेही गोव्याबाहेर, फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव काढलं की तोंड वाकडं. बाहेरच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची फी बघून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आकडा तोच होता. मग कोणीतरी ह्या लोकांचं नाव सांगितलं, मेरिट स्कॉलरशिपचं सगळं तेच बघतात म्हणून. १५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००, आधी भरायचे.

ऑफिस एकदम चकाचक. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर "७५ टक्क्यांपर्यंत स्कॉलरशिप" असं ढब्ब्या अक्षरात. ह्या "पर्यंत" शब्दानेच आम्हाला खाल्लं. नंतर मी घरी बसून व्हीआयटी ह्या वेल्लोरच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं वाचलं, तिथे ७५ टक्के ट्यूशन फी माफ होते ती त्यांच्या प्रवेश परीक्षेत, व्हीआयटीईईईमध्ये, पहिल्या १० रँकवाल्यांना, ११ ते ५० ला ५० टक्के, ५१ ते १०० ला २५, आणि बोर्डात पहिला आलेल्याला पूर्ण माफ. म्हणजे रँकवर अख्ख्या देशातून शंभर पोरं! आमच्या बायची रँक पाच आकडी. ते पोस्टर आमच्यासाठी नव्हतंच, पण असं तोंडावर कोण सांगणार, १७,७०० जातील ना मग.

आम्ही निवडली ती दुसरी युनिव्हर्सिटी, तिथे रँकबरोबर १२वीचे मार्कही धरतात. कन्सल्टन्सीतल्या सरांनी मार्कशीटवर नजर टाकली न टाकली आणि म्हणाले, "९० टक्के आहेत मॅम, ५० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आरामात बसते." लगेच कॅल्क्युलेटर काढून एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं, वर्षाला ५,०५,००० चे अर्धे २,५२,५००. ती चिठ्ठी अजून आमच्या फ्रिजवर आहे, मी मुद्दाम काढली नाही.

आता त्यात चुका दोन. एक म्हणजे स्लॅब टोटलवर नसतोच, पीसीएमवर, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवर असतो. बायला मराठीत ९६, कॉम्प्युटरमध्ये ९६, इंग्लिशमध्ये ९३, त्याच्यावर टोटल ९० झाली. फिजिक्स ८१, केमिस्ट्री ८६, मॅथ्स ८८, म्हणजे पीसीएम बरोब्बर ८५, आणि तिथे ५० टक्क्यांना पीसीएम ९० लागतं, ८० ते ९० वाल्यांना २५. हे युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर सरळ लिहिलेलं होतं, म्हणजे मलासुद्धा कळलं असतं, मी तर पतसंस्थेत पासबुकं भरते.

दुसरी चूक ह्यांनी पकडली. सूट फक्त ट्यूशन फीवर असते. ५,०५,००० मधले ट्यूशन ३,४०,०००, बाकी १,६५,००० हॉस्टेल आणि मेस, त्यावर एक पैसा कमी नाही. हे चिठ्ठी हातात धरून विचारत होते, "अर्धे म्हणजे खंयचे अर्धे गो?" शेवटी मिळाले ते ३,४०,००० चे २५ टक्के, म्हणजे ८५,०००, भरायचे राहिले वर्षाला ४,२०,०००. वाईट आहे असं नाही म्हणत, चार वर्षांत एका वर्षाची ट्यूशन सुटते, पण २,५२,५०० मनात धरून बसलेल्या माणसाला ४,२०,००० भरताना काय होतं ते मी बघितलंय, लोन वाढवून घ्यावं लागलं.

आणि चार वर्षं सुटेल हेही दरवर्षी सीजीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड पॉइंट, ८ च्या वर ठेवला आणि एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नाही तरच. हे ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं, सर कधी बोलले नाहीत. अर्ज तर आम्ही एप्रिलमध्ये भरला, तेव्हा पहिला राउंड होऊन गेलेला, तिथे स्कॉलरशिपच्या सीट मोजक्याच आणि पहिल्या राउंडवाल्यांना आधी. आम्ही कन्सल्टन्सीकडे नोव्हेंबरमध्ये पैसे भरले होते हो! चार महिने काय करत होते विचारलं तर म्हणे प्रोफाइल बिल्डिंग.

अडीच स्टार तरी कशाला, तर तिथल्या एका ज्युनिअर मुलीसाठी. सर जेवायला गेलेले तेव्हा तिने हळूच विचारलं, "ताई, उत्पन्नाचा दाखला काढलात का?" तिनेच एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, प्रगती स्कॉलरशिपबद्दल सांगितलं, मुलींसाठी वर्षाला ५०,०००, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, आणि कॉलेज एआयसीटीई मान्यतेचं पाहिजे. केंद्र सरकारच्या सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिपचंही सांगितलं, त्याला बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, त्यात आम्ही बसत नाही. ती सेंट्रल सेक्टरवाली घेतली तर दुसरी कुठली स्कॉलरशिप किंवा फी माफी चालत नाही हेही तिनेच सांगितलं. मी मामलेदार कचेरीत तीन खेपा घातल्या, दाखला मिळाला, बँकेत आधार जोडून घेतलं, फॉर्म भरलाय, बघू. ह्या कामाचे तिने वेगळे पैसे मागितले नाहीत, पॅकेजमध्ये ते नव्हतंच मुळी.

इंटरव्ह्यूची तयारीसुद्धा बरी घेतली, हे कबूल करते. बाय अनोळखी माणसासमोर पुतळा होते, तिला तीनदा बसवून बोलतं केलं.

रिफंड मागितला तर फॉर्मवरची माझीच सही दाखवली. पहिल्या सेमला बायला ८.१ पडलेत, मेसचं जेवण आवडत नाही म्हणून रोज फोन, उकडा भात पाहिजे म्हणे.

जायचंच असेल तर सकाळी ११ च्या आधी जा, त्या मुलीला भेटा, आणि चारचाकी नेऊ नका, पार्किंग अजिबात नाही.