गाडी गॅसवर: कंपनीचं किट की बाहेरून बसवलेलं?

परवा मेहुण्यांचा फोन आला. धायरी ते चाकण रोजची ये-जा, पेट्रोलनं कंबरडं मोडलंय, आणि दारात २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक उभी आहे. तिलाच बाहेरून सीएनजी किट बसवावं, की ती विकून कंपनी फिटेड सीएनजी घ्यावी, असा त्यांचा प्रश्न. मी दोन्ही वापरून पाहिलंय. माझी आधीची गाडी २०१६ ची. तिला २०१८ साली बाहेरून किट बसवलं आणि पुढे पाच वर्षं चालवली. २०२३ पासून कंपनीची सीएनजी वापरतोय. फोनवर अर्धा तास बोलूनही बरंच राहून गेलं, म्हणून आता नीट लिहून काढतो.

किलोला किती पडतं आणि पेट्रोलपेक्षा किती वाचतं, हे गणित तुम्ही केलेलं असणारच. त्यात दोन्हींमध्ये फारसं डावं-उजवं नाही.

पैशांचं म्हणाल तर बाहेरचं किट सरळ जिंकतं. मी तेव्हा ४८ हजार दिले होते. हल्ली चांगल्या सिक्वेन्शियल किटचे (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर असलेलं) साठ-सत्तर हजारांच्या आसपास सांगतात. कंपनीची सीएनजी त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा साधारण नव्वद-पंचाण्णव हजारांनी महाग पडते. पण गाडी आधीच दारात असेल तर फरक तेवढ्यावर थांबत नाही. जुनी विकताना बसणारा फटका, नवीचा रोड टॅक्स, नवा विमा असं सगळं त्यात येतं. माझं रोज पन्नास किलोमीटर व्हायचं आणि किटचे पैसे दीड वर्षात फिटले. हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं रास्त होणार नाही.

मेहुण्यांची गाडी बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक निकषांची. २०२२ पर्यंत बीएस ६ गाडीला बाहेरून किट बसवायला परवानगीच नव्हती, त्या वर्षी केंद्र सरकारनं ती दिली. मात्र किट त्या गाडीसाठी मंजूर असायला हवं, बसवणारा अधिकृत हवा आणि आरसीवर आरटीओची नोंद हवी. ‘नोंदीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नका. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि वर थोडे पैसे एवढाच हप्ता वाढतो. तो वाचवायला गेलात आणि उद्या काही झालं तर क्लेम अडकलाच म्हणून समजा. कंपनीच्या गाडीत हे सगळं आधीच कागदावर असतं, आपल्याला काही करावं लागत नाही.

डिकी दोन्हीकडे जाते. साठ लिटरची टाकी आडवी पडली की मागे उरतं काय? माझ्या किटवाल्यानं टाकी स्टेपनीच्या खड्ड्यावर बसवली आणि स्टेपनी बाजूला उभी करून पट्ट्यानं बांधली. उरलेल्या जागेत दोन हातपिशव्या आणि आईची काठी. गणपतीला कराडकडच्या गावी जाताना मखराचं सामान मुलांच्या पायाशी असायचं. आताच्या गाडीतही फार वेगळं चित्र नाही. टाकी जरा नीटनेटकी बसलेली आहे, इतकंच. तुमचं घोडं डिकीपाशीच अडत असेल तर दोन छोट्या टाक्यांच्या गाड्या बघा. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी दिल्या, नंतर ह्युंदाईनंही तो मार्ग धरला. बाहेर बसवणाऱ्याकडून असं काम मी तरी पाहिलेलं नाही.

गॅस भरताना मात्र फरक जाणवतो. माझ्या जुन्या गाडीत नोझल बॉनेटखाली होतं. रांगेत अर्धा-पाऊण तास काढायचा, सगळ्यांनी उतरायचं, बॉनेट उघडायचं, आणि पावसाळा असेल तर उघड्या इंजिनवर छत्री धरून उभं राहायचं. आताच्या गाडीत नोझल पेट्रोलच्या झाकणाशेजारीच आहे. उतरावं आजही लागतंच, पण बॉनेटला हात लावायला नको. मारुतीच्या कंपनी फिटेड गाड्यांमध्ये तर गॅसचं झाकण उघडं राहिलं तर गाडी सुरूच होऊ नये म्हणून एक छोटा स्विच असतो. घाईत झाकण विसरणाऱ्या घरात याचं मोल कळतं.

पिकअपबद्दल लोक फार बोलतात. माझा अनुभव असा की खंबाटकी घाटात पाच माणसं आणि एसी असला की दोन्ही गाड्यांना दुसरा गिअर लागतो. चढाला पेट्रोलचं बटण दाबायची सवय मला दोन्हीकडे लागली. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर बाहेरचं किट इतकं छान चाललं की पेट्रोलवरून गॅसवर गाडी कधी गेली ते कळायचंही नाही. आज कुणी फक्त पहिल्या वर्षाचा अनुभव विचारला तर मी बाहेरचंच घ्या म्हणेन.

मग लागला तो पिवळा दिवा.

२०१९ च्या पावसाळ्यात एका सकाळी स्पीडोमीटरशेजारी इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो विझेना. गाडी नीट चालत होती, झटका नाही, आवाज नाही. किटवाल्याकडे गेलो. त्यानं लॅपटॉप जोडला, गॅसचे आकडे दाखवले आणि म्हणाला, ‘आपल्याकडून सगळं ओके आहे साहेब, गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय, सर्व्हिस सेंटरला दाखवा.’ सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला. मिश्रणात इंधन कमी पडतंय असा कोड आला. सल्लागार म्हणाला, ‘बाहेरचं किट आहे, आम्ही त्याला हात लावणार नाही. आठवडाभर पेट्रोलवर चालवून बघा.’ पेट्रोलवर चालवली, दिवा गेला. गॅसवर आणली, दहा दिवसांत पुन्हा हजर. चार हजारांचा सेन्सर बदलला, प्लग बदलले, गॅसचा फिल्टर बदलला. दर खेपेला एक शनिवार जायचा आणि दोन्ही दुकानांत मला तीच वाक्यं उलटसुलट ऐकायला मिळायची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत.

यात लबाडी कुणाचीच नव्हती, असं मला आज वाटतं. गाडीचा स्वतःचा संगणक सायलेन्सरच्या बाजूच्या सेन्सरवरून शिकत असतो की इंधन कमी पडतंय की जास्त, आणि त्याप्रमाणे इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. बाहेरच्या किटचा संगणक ती वेळ उसनी घेतो आणि तिच्या हिशेबानं गॅसचे इंजेक्टर उघडतो. ही जुळणी, म्हणजे ट्यूनिंग, थोडी जरी सरकली तरी गाडीचा संगणक दुरुस्ती करत राहतो. दुरुस्तीची मर्यादा संपली की दिवा लागतो. म्हणजे बिघाड असतो दोन संगणकांच्या मधल्या जागेत, आणि त्या मधल्या जागेची जबाबदारी कुठल्याच दुकानाच्या पाटीवर लिहिलेली नसते. पुढे एका म्हाताऱ्या फिटरनं स्वतः शेजारी बसून, मला नवले पुलापासून कात्रजपर्यंत चालवायला लावून, चालत्या गाडीत ट्यूनिंग केलं. सात महिने दिवा गायब होता. मग परत आला.

एक दिवा तो काय, त्यानं एवढं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटू शकेल. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आई दर वेळी पुढच्या सीटवर बसली की विचारायची, ‘हा कसला रे दिवा?’ मी म्हणायचो, ‘तो असाच लागतो.’ आणि २०२१ च्या दिवाळीत शिरवळच्या अलीकडे गाडी मिसिंग करायला लागली, थरथरायला लागली. इंजिनच्या एका सिलिंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, गेली होती. तिची सूचना आदल्या चार दिवसांत दिव्यानं दिलेलीच असणार. पण आमच्या गाडीत तो दिवा कायमच लागलेला, त्यामुळे खरी सूचना कोणती आणि रोजची कोणती हे ओळखायला काही उरलंच नव्हतं. रात्री नऊ वाजता, मागे दोन झोपलेली मुलं आणि शेजारी आई असताना हायवेच्या कडेला उभं राहणं मला पुन्हा नको होतं. त्यानंतर हिनं ती गाडी एकटीनं गावाला न्यायचं बंद केलं. माझ्या मनानं निर्णय तिथेच घेतला, गाडी बदलायला पुढे दीड वर्ष लागलं.

आता दुसरी बाजू. कंपनीच्या गाडीतही दिवा लागलाच, २०२४ मध्ये, एकदा. सकाळी सर्व्हिस सेंटरला सोडली. गॅसच्या प्रेशर सेन्सरचं कारण निघालं, वॉरंटीत बदलून संध्याकाळी गाडी परत दिली. हे काम कुणाचं, हा प्रश्न दिवसभरात एकदाही निघाला नाही. माझ्या लेखी जास्तीच्या पैशांचा मोबदला तो एवढाच, आणि तो मला पुरेसा वाटतो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. आमच्या सोसायटीत एकाचं बाहेरचं किट सहा वर्षं बिनतक्रार चाललंय आणि तो माझं हे सगळं ऐकून मान हलवतो.

टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची तपासणी, दर तीन वर्षांनी दोन्हीकडे करावी लागते. तारीख उलटली की पंपावर प्लेट बघून गॅस नाकारतात. किटवाला ते काम स्वस्तात आणि लवकर करून द्यायचा. सर्व्हिस सेंटर जास्त पैसे घेतं आणि दोन दिवस गाडी ठेवतं. हा गुण बाहेरच्याला.

बाहेरचंच बसवायचं असेल, म्हणजे गाडी चांगल्या अवस्थेत आहे, वॉरंटी संपली आहे, रोजचं चालणं चाळीस किलोमीटरच्या वर आहे आणि नवी घ्यायची ऐपत किंवा इच्छा नाही, तर ते चूक आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त किटच्या इटालियन नावाला भुलू नका. लोवाटो, लँडी रेन्झो, बीआरसी ही नावं चांगलीच आहेत, पण तुमच्या गाडीला किट बसवणार तो समोरचा फिटर. तो इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, भोकं कशी पाडतो ते विचारा. गॅसचे नोझल तिथे बसतात. चांगला माणूस मॅनिफोल्ड खाली उतरवून, भोकं पाडून, आतून पुसून परत चढवतो. घाईतला माणूस ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून ते गाडीवरच उरकतो आणि कीस ग्रीसला चिकटला असेल अशी आशा करतो. आत गेलेला कीस थेट इंजिनात जातो. शक्य असेल तर त्या वेळी तिथे उभे राहा. ट्यूनिंग दुकानात उभ्या गाडीवर केलेलं मान्य करू नका, रस्त्यावर फिरवून, चढावर, एसी लावून करून घ्या. आणि पेट्रोलची टाकी कधी कोरडी ठेवू नका. पेट्रोलचा पंप त्याच पेट्रोलमध्ये थंड राहतो.

मेहुण्यांना मी ‘नवी घ्या’ असं तोंडावर म्हटलं नाही. त्यांच्या मुलीचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, हिशेब त्यांचा त्यांना ठाऊक. रविवारी ते भोसरीत एका किटवाल्याकडे जाणार आहेत. त्यांना एवढंच सांगितलंय की किंमत विचारायच्या आधी विचारा, ‘सहा महिन्यांनी पिवळा दिवा लागला तर मी गाडी कुणाकडे आणायची?’ जे उत्तर मिळेल ते बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला तो कां-कूं करायला लागला तर किल्ली त्याच्या हातात न देता परत या. दुपारी आमच्याकडे जेवायलाच या, माझी गाडी चालवून बघा.