ऑब्जेक्ट डेटाबेस एक्सएमएलमध्ये नेताना: डीटीडी की एक्सएमएल स्कीमा?

एक्सएमएल म्हणजे टॅग लावून डेटा लिहिण्याची पद्धत; त्या फाइलची रचना कशी असावी याचे नियम डीटीडीत किंवा एक्सएमएल स्कीमात लिहितात. वर्ग (ऑब्जेक्टचे प्रकार) आणि त्यांचे गुणधर्म दोन्हींत उतरतात. खरी कसोटी लागते ती ऑब्जेक्टमधल्या संदर्भांची, म्हणजे एका ऑब्जेक्टने दुसऱ्याकडे दाखवलेल्या बोटाची.

डीटीडीत आयडी (ऑब्जेक्टची ओळख) आणि आयडीरेफ (त्या ओळखीकडे जाणारा संदर्भ) ही जोडी पटकन जमते. पण आयडी अंकाने सुरू होऊ शकत नाही, म्हणून ४७११ हा ऑब्जेक्ट-क्रमांक 'ग४७११' असा लिहावा लागतो. शिवाय संदर्भ कोणत्या वर्गाकडे जातो, हे डीटीडी बघतच नाही. ऑर्डरमधला 'ग्राहक' चुकून मालाकडे वळला तरी फाइल वैध!

डेटा दुसऱ्यांना द्यायचा असेल तर मी २००१ साली आलेली एक्सएमएल स्कीमाच निवडेन. तिथे 'की' (ठरावीक घटकांची ओळख) आणि 'कीरेफ' (त्याच घटकांकडे जाणारा संदर्भ) ही चूक पकडतात. एक्स्टेन्शनने (आधीच्या प्रकारात भर घालून) वारसाही, म्हणजे पालक वर्गाचे गुणधर्म घेणेही, उतरतो, मात्र पालक वर्ग एकच. डेटा नेमस्पेसमध्ये (नावांची टक्कर टाळणाऱ्या गटात) असेल तर कीरेफच्या सिलेक्टरमधल्या, म्हणजे कोणते घटक तपासायचे हे सांगणाऱ्या भागातल्या, नावाला त्या नेमस्पेसचा प्रीफिक्स लावाच. तो राहिला तर सिलेक्टरला काहीच सापडत नाही आणि तपासणी गुपचूप पास होते.