इलेक्ट्रॉनिक तानपुरा: तीन वर्षांच्या रोजच्या रियाजानंतर

सकाळी साडेपाचला आमच्या घरात पहिला आवाज होतो तो इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा. दूधवाला त्यानंतर येतो. तीन वर्षं जवळजवळ रोज वापरलेल्या या वस्तूबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण वापरणारी बाई कोण, तिचा कान कुठे तयार झाला, हे कळल्याशिवाय तिच्या मताचं काय करायचं? म्हणून आधी माझ्याबद्दल.

मी बासष्ट वर्षांची. जन्म, शाळा, लग्न, नोकरी सगळं ग्वाल्हेरात, तेही लष्कर भागातच. पणजोबा शिंदेसरकारच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, असं आमच्या चार पिढ्यांचं चाललंय. एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीत, चौतीस वर्षं हिशेब तपासले. आवड म्हणाल तर गाण्याची, आणि गच्चीतल्या मोगऱ्याची. मोगऱ्याबद्दल पुन्हा कधीतरी.

गाण्याची आवड या गावात वेगळी लावून घ्यावी लागत नाही. कृष्णराव पंडितांनी १९१४ साली काढलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय इथलं, भातखंड्यांनी १९१८ साली उभं केलेलं माधव संगीत महाविद्यालयही इथलंच. डिसेंबरात तानसेन समारोह असला की ऑफिसातली निम्मी मराठी मंडळी शाली गुंडाळून हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, जायची. मी माधव महाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गाला होते. यमन, भैरव, अल्हैया बिलावल, मग तिलवाडा तालातले ख्याल. लग्नानंतर रियाज सुटला. सुटला म्हणजे अगदी सुटला, सव्वीस वर्षं.

आईचा तानपुरा मात्र माझ्याकडे होता. मिरजेचा, तुणीच्या लाकडाचा, भोपळा पंढरपूरकडचा. २०१६ साली निवृत्ती जवळ आली तेव्हा मी तो गोवा एक्स्प्रेसनं मिरजेला नेला, सतारमेकर गल्लीत जवारी करून घेतली, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद मोकळा करून घेतला, आणि बर्थवर शेजारी आडवा ठेवून परत आणला. मला तेव्हा फार भरून आलं होतं. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत नेली, मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर शिकले, आणि त्याच मिरजेहून आमचं वाद्य घरी येत होतं.

मग इलेक्ट्रॉनिक कशाला? कारण खांदा. उजवा खांदा धरला तो सहा महिने सुटेना. तानपुरा मांडीवर घेऊन तासभर छेडणं अशक्य झालं. शिवाय आमच्याकडची हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि जानेवारीत बोटं वळत नाहीत. लावलेला तानपुरा सकाळी उतरलेलाच असतो. लावायला वीस मिनिटं आणि गायला उरली पंधरा, असं व्हायला लागलं. मुलानं साडेसहा हजारांना हा डबा आणून दिला.

डबा टिफिनएवढा. वर चार गोल बटणं: स्वर, बारीक स्वर, लय, आवाज. पहिली तार पंचमावर, मध्यमावर की निषादावर हवी, त्याची वेगळी कळ. मालकंसाला मध्यम, मारव्याला निषाद, एका कळीत काम होतं. मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, गाते. थंडीत गळा जड असला की पांढरी पाचला उतरते. खऱ्या तानपुऱ्यात हे करायचं तर चारही तारा उतरवायच्या, आणि बहुतेक वेळा ते होतच नाही, मग गळा ताणला जातो. माझ्या वयाच्या गळ्याला हा अर्धा स्वर खाली येण्याचा मोकळेपणा फार मोलाचा आहे. बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेली तरी सूर जात नाही. एकदा लावलेला स्वर दीड तासानंतरही तिथेच असतो.

आता जे मिळत नाही ते. आईच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या, तारेखाली, घोडीवर, मी सुताचा दोरा केसभर पुढे सरकवते. तार आधी बोथट बोलते, मग भणभणते, आणि मधल्या एका जागी एकदम उघडते. तिथे थांबायचं. डोळे मिटून ऐकलं की खर्जातून गंधार ऐकू येतो, कुणीही न छेडलेला. पंचमाच्या तारेतून रिषभ डोकावतो. माझ्या गाण्याच्या बाई म्हणायच्या, 'गंधार शोधू नका, तो आला की त्याच्याशेजारी जाऊन बसा.' यमनाचा गंधार मला तिथे कळला. डब्यात तो गंधार आहे, नाही असं नाही, पण लांबून ऐकू आल्यासारखा, आणि रोज नेमका तेवढाच. छोट्या स्पीकरमधून खर्ज तर पोकळच येतो. बाहेरचा बरा स्पीकर जोडला की पुष्कळ सुधारतो. आवाज मोठा करू नये. मोठा केला की सूर कानावर आपटतो आणि आपण त्याच्या वर चढून ओरडायला लागतो.

तक्रारही नोंदवते. चौदाव्या महिन्यात आवाजाचं बटण खरखरायला लागलं. वॉरंटी वर्षाची. कंपनीला पाठवला तर सात आठवड्यांनी परत आला, मधे तीनदा फोन केले तेव्हा कुठे उत्तर मिळालं. रोज रियाज करणाऱ्या माणसाला सात आठवडे म्हणजे काय, हे त्या फोनवरच्या मुलाला मी नीट समजावून सांगितलं. आल्यापासून चांगला चाललाय.

फोनवरची ॲप्स फुकट असतात, मग हा का घ्यायचा, असं भाचीनं विचारलं. मी वापरून पाहिली. काहींचा आवाज डब्यापेक्षा गोड आहे, हे मान्य करायला हवं. पण रियाजाच्या वेळी फोन समोर नको. मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि षड्ज तुटतो.

नात नऊ वर्षांची आहे, माझ्याजवळ बसते. तिला मी डब्यावर शिकवत नाही. रविवारी खांदा बरा असला की आईचा तानपुरा भिंतीला टेकवते, ती मधल्या जोडीच्या तारा लावते, मी खर्ज. डबा तेव्हा बंद असतो. स्वर लावायला शिकण्याचा कंटाळा आणि त्यानंतरचा तो आनंद डबा देऊ शकत नाही, कारण तो आयताच लागलेला असतो. पण जिला स्वर लावता येतो आणि हात साथ देत नाही, तिनं बेलाशक घ्यावा. मला यानं सव्वीस वर्षांची रिकामी सकाळ भरून दिली आहे.

घ्यायला जाल तेव्हा दुकानात आपला स्वर लावून मागा, लय अगदी मंद करा आणि आवाज कमी ठेवून पाच मिनिटं गा. गर्दी असली तरी गा. आमच्या दुकानदारानं मला स्टूल दिलं होतं आणि पंखा बंद केला होता.