कोळी, कॅमेरा आणि मधले बारा सेंटीमीटर

पावसाळ्यात आंबोलीला जायचं, रात्री टॉर्च घेऊन कोळी शोधायचे आणि कॅमेऱ्याचं ओझं दीड किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं की सहसा तीन पर्याय समोर येतात. खिशात मावणारा टीजी-७ हा कॅमेरा, साध्या टेलिझूमवर अडकवायचं रेनॉक्सचं भिंग, नाहीतर सरळ मॅक्रो लेन्स. दुकानात यांची तुलना 'किती पट मोठं दिसतं' यावर होते. विषारी कोळ्यांसाठी आधी दुसरंच विचारावं लागतं: फोकस जुळतो त्या क्षणी लेन्सच्या पुढच्या काचेपासून कोळी किती लांब असतो?

(तसे बहुतेक सगळेच कोळी विषारी असतात. माणसाला खरा त्रास देऊ शकतील असे मोजके. हे अंतर आपल्या भीतीपेक्षा कोळ्याच्या सोयीसाठी जास्त लागतं. काच फार जवळ आली की तो बिळात शिरतो, नाहीतर पुढचे पाय उचलून पवित्रा घेतो. दोन्हीत फोटो हुकतो.)

अंतराचा हिशेब

माहितीपत्रकात छापलेलं 'किमान फोकस अंतर' सेन्सरपासून मोजलेलं असतं. लेन्सपुढे खरी किती जागा उरते ते वजाबाकीने काढावं लागतं. कॅननच्या आरएफ १०० मिमी मॅक्रोचं किमान अंतर २६ सेंमी. त्यातून लेन्सची लांबी १४.८ सेंमी आणि माउंटपासून सेन्सरपर्यंतचे २ सेंमी गेले की उरतात ९.२ सेंमी, तेही पूर्ण १.४ पटीला (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या मापाच्या १.४ पट असताना). त्यावर डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा पडदा, तीन-चार सेंमी पुढे आला तर हातात पाच-सहा सेंमी. ओएम सिस्टिमच्या ६० मिमी मॅक्रोचा हिशेब १९ वजा ८.२ वजा सुमारे २, म्हणजे पावणेनऊ सेंमी. फोकस जवळ आणताना जी लेन्स पुढे सरकते तिथे मात्र ही वजाबाकी फसते, जागा आणखी कमी उरते. ५० मिमीच्या आसपासच्या स्वस्त मॅक्रो घेणारे इथेच पस्तावतात.

रेनॉक्स डीसीआर-२५० चं गणित सोपं आहे. भिंग ८ डायॉप्टरचं (डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचं माप). मागची लेन्स अनंतावर फोकस असेल तर विषय १००० भागिले ८, म्हणजे १२५ मिमीवर स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात अकरा-बारा सेंमी धरा. झूम कितीही फिरवा, हे अंतर जवळपास तेवढंच राहतं, बदलते ती फक्त पट: फोकल लेंग्थ गुणिले ८ भागिले १०००. कॅननच्या आरएफ-एस ५५-२१० या झूमच्या २१० मिमी टोकाला ती १.६८ येते. म्हणजे महागड्या मॅक्रोपेक्षा जास्त पट आणि वर दोन-अडीच सेंमी जास्त जागा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही.

आधी कोळ्याचं माप

सह्याद्रीत झाडाच्या ढोलीत राहणारी पोइसिलोथेरिया रेगॅलिस ही टॅरँटुला पाय पसरून १५ सेंमीच्या आसपास जाते. आता कॅननच्या आर१० सारख्या क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर ५५-२१० लावा. या लेन्सची कमाल पट ०.२८. सेन्सरची रुंदी २२.३ मिमी, म्हणून चौकटीत मावतात जेमतेम ८ सेंमी. कोळी चौकटीबाहेर जातो, झूम मागे घ्यावी लागते! हे सगळं बरंच लांबून, कुठलंही भिंग न लावता. टॅरँटुलासाठी मॅक्रो लेन्स लागते हा समज इथेच सोडून द्यावा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाटेवर आडवी, मीटरभराहून मोठी जाळी विणणारी नेफिला पिलिपेस हीही तशीच. मादीचं अंगच तीन ते पाच सेंमी, तिलाही साधी झूम पुरते. अडचण येते ती झुलणाऱ्या जाळ्याची, त्यामुळे फ्लॅश हवाच.

खरा मॅक्रो लागतो तो सहा ते दहा मिमीच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांना. त्यांचे समोरचे दोन मोठे डोळे आणि त्यावरचे केस हवे असतील तर एक पटीला काम होत नाही, दीड ते दोन पट लागते.

तिन्ही संच एकमेकांशेजारी

टीजी-७ चं वजन सुमारे २५० ग्रॅम. पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो, मायक्रोस्कोप मोडमध्ये १ सेंमीवर फोकस होतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात पिशवी-छत्रीची कटकट नाही, हा मोठाच फायदा. एफडी-१ हा डिफ्यूझर आठवणीने घ्या. त्याच्याशिवाय अंगच्या फ्लॅशचा प्रकाश लेन्सच्या नळीला अडतो आणि फोटोचा एक कोपरा काळा येतो. पण मोठी पट मिळवायला काच कोळ्याला टेकवल्यासारखीच न्यावी लागते. खेकडा कोळी पानावर बसून राहतो, तो सोसतो. उड्या मारणारा कधी कधी थेट लेन्सवर उडी घेतो. टॅरँटुलाच्या बिळाशी हा कॅमेरा घेऊन बसूच नये. सेन्सर लहान, आयएसओ ४०० च्या पुढे केसांचा तपशील पुसट होतो. ओळख पटवायला आणि नोंदीला उत्तम, भिंतीवर लावायला नाही.

आर१० ४२९ ग्रॅम, ५५-२१० २७० ग्रॅम, त्यावर रेनॉक्स आणि गोडॉक्स टीटी३५० सारखा २०० ग्रॅमचा फ्लॅश. सेल धरून सगळं किलोभरात बसतं. रेनॉक्सचा चिमटा ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टरच्या आट्यांत बसतो, या लेन्सचे आटे ५५ चे. खोडी अशी की १०० मिमीच्या खाली झूम नेली की कोपरे काळे होतात आणि भिंग लावलेलं असताना लांबचं काहीच दिसत नाही. टॅरँटुला मीटरभरावर, तिच्याच शेजारच्या पानावर उडी मारणारा कोळी, तर दर वेळी काढघाल. चिमट्याचे दोन्ही कान ओल्या बोटांतून सुटतात आणि भिंग पालापाचोळ्यात पडतं. रात्री ते शोधायला हात घालण्याची वेळ येऊ नये म्हणून पायाच्या पैंजणाएवढा दोरा ओवून ते लेन्सला बांधून टाका. लेन्स आणि बॉडी दोन्ही पावसाला तोंड देणाऱ्या नाहीत, हा या संचाचा खरा उणेपणा.

तिसरा संच आर१० वर आरएफ १००. लेन्स एकटीच ७३० ग्रॅम, फ्लॅश धरून १.४ किलो. कडेपर्यंत धारदार चित्र आणि अनंतापासून १.४ पटीपर्यंत सलग फोकस, म्हणजे काढघाल शून्य. पैसे त्या सलगपणाचे असतात, अंतराचे नाही. याच गटात ओएम सिस्टिमची ओएम-५ ही बॉडी आणि ६० मिमी मॅक्रो ही जोडी वेगळी काढावी लागते: ४१४ आणि १८५ ग्रॅम, दोन्ही शिंतोड्यांना दाद न देणाऱ्या, शिवाय फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडून एक करणं) कॅमेऱ्यातच होतं. आंबोलीच्या जुलैसाठी हलका, भिजला तरी चालणारा आणि तरीही मोठ्या कामाचा संच हवा असेल तर हाच. फक्त टॅरँटुलासाठी लांबून झूमसारखं काम तो करत नाही, तिथे दीड-दोन फुटांवर बसावं लागतं.

मोबाइलवर अडकवायच्या क्लिप लेन्सबद्दल एवढंच: दोन-तीन सेंमीच्या आत जावं लागतं आणि मोबाइलची सावली कोळ्यावर पडते.

प्रकाश

लेन्सवर पैसे घालून प्रकाशात काटकसर करणं ही नेहमीची चूक. एक पटीला एफ/११ वर क्रॉप सेन्सरची स्पष्ट खोली जेमतेम ०.९ मिमी असते. दोन पटीला एफ/८ वर पाव मिमीही नाही. एफ/२२ करून ती वाढवायला गेलात तर विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं, कारण मॅक्रो लेन्सवर एक पटीला एफ/११ चं काम आधीच एफ/२२ सारखं होत असतं. म्हणून एफ/८ ते एफ/११, शटर १/२००, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ किंवा १/१६ आणि ऑटोफोकस बंद. पट ठरवून घ्यायची आणि अंग मिलिमीटरभर पुढेमागे झुलवत डोळा स्पष्ट दिसला की दाबायचं. फ्लॅशची ताकद जितकी कमी तितका तो कमी वेळ पेटतो, त्यामुळे हाताचा कंप फोटोत येत नाही.

डिफ्यूझर घरी होतो. टीव्हीच्या खोक्यात येणारा पांढरा, पातळ फोम घ्या. २० बाय २५ सेंमीचा तुकडा फ्लॅशच्या तोंडापासून लेन्सच्या टोकावर कमानीसारखा वाकवून रबराने बांधा. फ्लॅशजवळ एक थर, चार-पाच सेंमी पुढे दुसरा. एकच थर लावला तर कोळ्याच्या चकचकीत डोळ्यात पांढरा ठिपका दिसतो. दोन थरांत अंतर असलं की तिथे मऊ चौकोन दिसतो. सगळा फरक त्या एका डोळ्यात कळतो. मागे काळोख आला तर आयएसओ ८०० करा किंवा कोळ्यामागे दहा सेंमीवर एखादं पान येईल असा कोन घ्या.

फ्लॅश घ्यायच्या आधी बॉडीचा हॉट शू, म्हणजे वर फ्लॅश बसतो ती खाच, बघा. कॅनन २०० डी मार्क २ च्या शूला मधली पिनच नाही. मधल्या पिनवर चालणारा साधा फ्लॅश त्यावर पेटत नाही.

हात कुठे ठेवायचा

दंश लेन्समुळे होत नाही, टेकू घेतलेल्या हातामुळे होतो. स्थिर राहायला फोटोग्राफर खोडावर तळवा टेकतो आणि त्याच सालीच्या भेगेत पोइसिलोथेरिया असते. तिच्या पुढच्या पायांची खालची बाजू पिवळीजर्द असते. ती दिसली की मागे सरकायचं. आपल्याकडच्या टॅरँटुलांना अमेरिकेतल्यांसारखे उडणारे खाजरे केस नसतात, पण पोइसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात आणि त्यावर प्रतिविष मिळत नाही. बिळात राहणारी टॅरँटुला बाहेर यावी म्हणून बिळात गवताची काडी घालू नका, तोंडावरचं रेशीम तुटतं. बिळापासून फूटभर बाजूला न हलता बसा, पावलाची कंपनं तिला आधी कळतात. पोइसिलोथेरिया २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. पाळण्यासाठी पकडणारे असतात, म्हणून फोटो टाकताना जीपीएस नोंद काढून टाका.

कोकणात तर कोळ्याआधी फुरसं बघावं. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की गुडघ्याखालचं जग दिसत नाही. बसण्याआधी टॉर्चने जागा पाहा, पायात घोट्यावरचे बूट असू द्या. तोच टॉर्च कपाळाशी धरला की लांडगा कोळ्यांचे डोळे गवतात हिरवट चमकतात, शोधायचं कामही होतं.

सिडनीला जाणार असाल तर

मुलांकडे सिडनीला जाणाऱ्या हौशी मंडळींसाठी संचाची निवड बदलते. तिथल्या रेडबॅक या विषारी कोळ्याची मादी सेंटीमीटरभर. अंगणातल्या खुर्चीखाली, मीटरच्या पेटीत जाळं करून बसते, पाठलाग करत नाही. रेनॉक्सच्या बारा सेंमीवरून निवांत काम होतं. फनेल-वेब या दुसऱ्या विषारी कोळ्याचं तसं नाही. बिळाबाहेर भटकणारा नर चिडखोर असतो, उभा राहून सुळे दाखवतो. त्याला फक्त लांबून झूम, मॅक्रोची जवळीक नको. त्याचं प्रतिविष १९८१ पासून आहे आणि तेव्हापासून मृत्यू नोंदलेला नाही, तरी दंश झाल्यास अवयव दाबपट्टीने गुंडाळून न हलवता ००० या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा. रेडबॅकच्या दंशाला दाबपट्टी बांधत नाहीत, बर्फाची पिशवी ठेवतात. ही दोन्ही नावं एकाच श्वासात घेतली जातात, उपचार मात्र उलटे.

विमानात कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांवर चिकटपट्टी लावून. एसी गाडीतून दमट हवेत उतरलात की कॅमेरा अर्धा तास झिपच्या पिशवीतच राहू द्या, नाहीतर रेनॉक्सच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि ती पुसायला भिंग काढावं लागतं.

पहिलाच संच घ्यायचा असेल आणि झूम आधीच घरी असेल तर रेनॉक्स, फ्लॅश आणि फोमचा तुकडा घ्या. उरलेल्या पैशांत ओव्हरट्राउझर आणि बूट. मॅक्रो लेन्स दुसऱ्या पावसाळ्यात, काढघालीचा कंटाळा आल्यावर.