एक्स्टर्नल ड्राइव्हवरचे गोडो इंजिन: आठ महिन्यांचा अनुभव

दोन वेगवेगळ्या संगणकांवर आलटून पालटून काम करावे लागत असल्यामुळे गेले आठ महिने मी गोडो ४ हे गेम इंजिन केवळ एक्स्टर्नल ड्राइव्हवरून चालवत आहे. ते इन्स्टॉल करावे लागत नाही. एकच एक्झिक्युटेबल फाइल उघडली की एडिटर सुरू होतो. मात्र एवढ्याने ते पोर्टेबल होत नाही, कारण विंडोजवर एडिटरची सेटिंग्ज आणि एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स (तयार गेम बाहेर काढण्यासाठी लागणाऱ्या फाइल) मूळ संगणकाच्या ॲपडेटा फोल्डरमध्येच जातात. त्यावरचा उपाय म्हणजे एक्झिक्युटेबलशेजारी अंडरस्कोअर, एस, सी, अंडरस्कोअर अशा नावाची रिकामी फाइल ठेवणे. मग सारा पसारा तिथेच, ड्राइव्हवर राहतो. नोटपॅडने या नावापुढे गुपचूप टीएक्सटी जोडल्यामुळे माझी पहिली संध्याकाळ वाया गेली, हे नमूद केलेले बरे.

सुरुवातीला साधा पेन ड्राइव्ह वापरला आणि पस्तावलो. इंजिन प्रत्येक चित्राची आणि ध्वनीची आयात केलेली प्रत प्रोजेक्टमधल्या लपलेल्या कॅश फोल्डरमध्ये ठेवते. अशा हजारो छोट्या फाइल लिहिताना पेन ड्राइव्ह अक्षरशः रडकुंडीला येतो. एक्स्टर्नल एसएसडी घेतल्यावर ही तक्रार संपली, मात्र तो यूएसबी २.० पोर्टला जोडला तर ४८० मेगाबिट प्रति सेकंदाची मर्यादा आडवी येतेच.

दुसऱ्या संगणकावर ड्राइव्हचे अक्षर बदलले की प्रोजेक्टची यादी निकामी होते, कारण तिच्यात पूर्ण पाथ साठवलेले असतात. डिस्क मॅनेजमेंटमधून दोन्हीकडे एकच अक्षर नेमून दिल्यापासून हा त्रास नाही. ड्राइव्ह एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नसल्याने, एकदा मी घाईत इजेक्ट न करता केबल ओढली तेव्हा एक सीन फाइल शून्य बाइटची झाली. ती गिटमधून (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातून) परत मिळाली, पण तेव्हापासून दिवसाअखेरीस पुश केल्याशिवाय, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवल्याशिवाय, मी ड्राइव्ह काढत नाही.

सी शार्प ही प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांना मात्र प्रत्येक संगणकावर डॉटनेट एसडीके (तिच्यासाठीचा साधनसंच) लागते, म्हणून मी गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेवरच राहिलो. जुन्या ग्राफिक्स कार्डच्या संगणकावर व्हल्कन हे नवे ग्राफिक्स तंत्र चालत नसल्यामुळे प्रोजेक्टही जुन्या कार्डांसाठीच्या कम्पॅटिबिलिटी रेंडररवर ठेवला आहे. अँड्रॉइडसाठीचे एक्स्पोर्ट मी अजूनही एकाच संगणकावरून करतो. जावा आणि अँड्रॉइड एसडीके ड्राइव्हवर वागवण्याचा खटाटोप मला परवडला नाही.