पंचवटी दर्शनाची रिक्षा: ॲनिमेतलं रामायण बघून येणाऱ्यांनी घ्यावी का?

ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी धाटणीच्या ॲनिमेशनपटातल्या दृश्याची खरी जागा शोधायची आणि तोच कोन धरून फोटो काढायचा, याला जपानी लोक ‘सेइची जुनरेई’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, तीर्थयात्रा. नाशिककरांच्या तर ही यात्रा दारातच आहे. युगो साको आणि राम मोहन यांचा ‘रामायण: द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत-जपानचा ॲनिमेपट २४ जानेवारी २०२५ला आपल्याकडे थिएटरात लागला. पर्णकुटी, शूर्पणखा, सोन्याचं हरीण, सीताहरण, हे सगळं पंचवटीतलं. ते बघून गंगेवर, म्हणजे इथल्या गोदाकाठी उतरलात की पहिली हाक येते रिक्षावाल्यांची: ‘पंचवटी दर्शन!’

आधी एवढं ध्यानात घ्या की पडद्यावर अरण्य आहे आणि इथे गजबजलेलं गाव. काळाराम मंदिर पेशवाईतलं, रामकुंडाचे घाट बांधीव. चौकटीला चौकट जुळणार नाही. जुळतं ते नदीचं वळण, काळा कातळ आणि वड. रिक्षाची फेरी नेमकी याच तीन गोष्टींना वेळ देत नाही.

फेरीच्या यादीत ठिकाणं भरपूर असतात, पण रामकुंड, काळाराम आणि सीतागुंफा एकमेकांपासून पायी काही मिनिटांवर आहेत. तेवढ्यासाठी रिक्षा करू नका. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर मात्र जरूर करा, कारण गल्ल्या चढाच्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीत चालणं जड जातं. बसण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या: भाड्यात थोडं लांबचं तपोवन धरलंय का, आणि तिथे किती वेळ थांबणार. हे ठरलं नाही की तपोवनात दहा मिनिटांत हॉर्न वाजायला लागतो.

सीतागुंफेजवळच्या वडांवर क्रमांक लावलेले आहेत. पर्णकुटीचं दृश्य मनात असेल तर इथे थांबा. फोन खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि पारंब्या वरून चौकटीत येऊ द्या, म्हणजे मागच्या इमारती बऱ्याच झाकल्या जातात. गुंफेत वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसूनच सरकावं लागतं. पाठीवरची सॅक आत अडकते, ती बाहेर सोबत्याकडे द्या. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी आत जाऊ नये, कारण मागे रांग असते आणि मध्येच परत फिरता येत नाही. आत फोटोचा हट्ट धरू नका.

रामकुंडाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. समोरच्या काठावरून पंचवटीचा फोटो सकाळी घेतलात तर ऊन थेट लेन्समध्ये येतं आणि देवळं काळी पडतात. चारनंतर तेच ऊन देवळांवर पडतं. पावसाळ्यात आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघा. पाणी त्याच्या कमरेला लागलं असेल तर काठावर उतरायचंच नाही.

रिक्षाचे पैसे वसूल होतात ते तपोवनात. कपिला आणि गोदावरीचा संगम, पाण्याने झिजून खळगे पडलेला काळा कातळ, आणि लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापल्याचं स्थान, ज्यावरून नाशिक हे नाव पडलं असं मानतात. पडद्यावरच्या वनाची काही कळा उरली असेल तर ती इथेच. निदान तासभर हवा. जाण्याआधी मोबाइलवर दृश्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पाण्याची रेघ दोन्हीकडे एकाच उंचीवर आणा आणि मगच झूम करा. उलटं केलंत तर कोन कधीच बसत नाही. कातळावर शेवाळ असतं, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. उन्हाळ्यात पाणी आटतं, त्यावर फेस आणि वासही असतो. दसरा-दिवाळीचे दिवस सगळ्यात चांगले.

जटायूचा प्रसंग ज्यांच्या मनातून जात नाही, त्यांच्यासाठी दर्शनाच्या यादीत काहीच नाही. ती जागा इगतपुरी तालुक्यात, सर्वतीर्थ टाकेदला आहे. घोटीमार्गे पन्नासेक किलोमीटर पडतं, त्यामुळे तिथे रिक्षा कामाची नाही. स्वतःची गाडी काढा आणि अर्धा दिवस वेगळा ठेवा. घायाळ जटायूसाठी रामाने सगळ्या तीर्थांचं पाणी इथे आणलं अशी श्रद्धा आहे. ते कुंड आजही आहे, आणि भोवतीच्या डोंगरांमुळे आकाशातल्या त्या झुंजीला लागणारी मोकळी जागा इथे डोळ्यांना मिळते.