समोर बसून की मोबाइलवर? मुंबईत थेरपी निवडताना

"यायलाच लागेल का मॅडम, की व्हिडिओवर चालेल?" पहिल्या फोनवर फीच्याही आधी हा प्रश्न येतो. दादरला माझं छोटंसं क्लिनिक आहे. निम्मी सेशन्स तिथे होतात, निम्मी लॅपटॉपवर, त्यामुळे एकीची बाजू घेऊन माझा काही फायदा नाही.

आधी संशोधन काय म्हणतं ते पाहू. कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली इंटरनेटवरची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि समोरासमोरची सीबीटी यांची थेट तुलना करणारे २० अभ्यास एकत्र तपासले. परिणामांत फरक जवळजवळ नव्हताच. पण लगेच निकाल लावू नका. त्यातली इंटरनेट थेरपी म्हणजे बहुतांशी वाचायचे धडे, गृहपाठ आणि त्यावर थेरपिस्टचे लेखी शेरे. आपण व्हिडिओवर बोलतो ते निराळं. शिवाय अशा अभ्यासांत एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की माणसाला दार लावून बसायला खोली आहे.

मुंबईत गाडी इथेच अडते. ओळख बदलून सांगते. विक्रोळीची एक बाई, घर वन रूम किचन. नवरा रात्रपाळी करून झोपलेला, सासूबाई टीव्हीसमोर. ही इअरफोन लावून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसायची. कुणाची पावलं वाजली की आवाज बदलायचा, "हो हो, येताना मेथी आणते", आणि पावलं वर गेली की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे. सहा आठवडे ती एकदाही रडली नाही. मला वाटलं, सावरतेय. सातव्या आठवड्यात क्लिनिकला आली, बसली, आणि पर्स मांडीवर तशीच धरून अर्धा तास रडली. खोलीचं भाडं मी कशासाठी भरते ते मला त्या दिवशी नीट कळलं.

उलटही घडतं. नालासोपाऱ्याचा एक मुलगा संध्याकाळी यायचा. दर दुसरं सेशन चुकायचं, आणि आला तरी गर्दीने इतका पिळून निघालेला असायचा की पहिली पंधरा मिनिटं पाणी पिण्यात जायची. ऑफिसातली रिकामी मीटिंग रूम मिळाली तसं व्हिडिओवर आलो आणि काम पुढे सरकलं. मात्र लोकलमध्येच छातीत धडधड होते, म्हणून प्रवास टाळणारा कुणी असेल, तर त्याला मी आग्रहाने बोलावते. आधी दुपारच्या स्लो गाडीने, दोन स्टेशनं. त्याच्यासाठी प्रवास हाच उपचाराचा भाग. तो घरबसल्या व्हिडिओवर राहिला तर भीतीलाच आयती सोय मिळते.

पद्धतींच्या नावांत फार अडकू नका. के. एम. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची आरईबीटी, म्हणजे आपल्याच हट्टी, अविवेकी विचारांना प्रश्न विचारायला शिकवणारी पद्धत, मराठी घरांत पोचली, आणि आजही "आरईबीटीवालेच हवेत" म्हणणारे भेटतात. पद्धत चांगलीच आहे. पण नैराश्यासाठी याहून साधं, म्हणजे मूड येण्याची वाट न पाहता ठरवलेली छोटी कामं करत जाण्याचं बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन, २०१६ च्या ४४० जणांवरच्या ब्रिटिश चाचणीत सीबीटीपेक्षा कमी पडलं नाही. गोव्यात तर मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेच्या लोकांनी हेच सहा ते आठ सेशन्समध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून, प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून घेतलं. २०१७ च्या त्या चाचणीतही नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक ठळक दिसला. मोठ्या पदव्यांची पाटी पाहून दिपणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. (माझ्याही पाटीवर आहेत, तरी.)

जास्त पाहायचं ते नातं. २९५ अभ्यासांच्या २०१८ च्या विश्लेषणात थेरपिस्टशी जुळणं आणि बरं वाटणं यांचा संबंध सातत्याने दिसला. मध्यमच, पण खोलीत आणि इंटरनेटवर, दोन्हीकडे. जुळणं म्हणजे गोड बोलणं नव्हे. कशासाठी भेटतोय आणि त्यासाठी काय करायचं यावर दोघांचं एकमत आहे का, आणि विश्वास वाटतो का? चौथ्या सेशनपर्यंत याचं उत्तर 'नाही' असेल तर तसं तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट रागावत नाही.

एक माझी चूक. एक गृहस्थ वेळेवर यायचे, विनोद करायचे, जाताना "बरं वाटलं" म्हणायचे. मीही खूश. मग पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली दर वेळी भरून घ्यायला लागले, तर आकडे आले ११, १३, १६. सत्तावीसपैकी. माणूस माझ्यासमोर खचत होता आणि मी हसत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाच्या २००५ च्या अभ्यासात थेरपी घेणाऱ्या ५५० जणांपैकी कुणाची अवस्था बिघडेल असं थेरपिस्टांना विचारलं, त्यांनी तिघांकडे बोट दाखवलं. बिघडली ४० जणांची. म्हणून 'मला सुधारणा होतेय हे तुम्ही कसं मोजता?' हा प्रश्न पहिल्या फोनवर विचारा. उत्तरादाखल नुसतं "अनुभवावरून कळतं" आलं तर दुसरा नंबर फिरवा.

पैशाची ओढाताण असेल तर केईएम, सायन, नायर इथल्या मानसोपचार ओपीडी आहेत. औषधं लागणार असतील, झोप-भूक पार गेली असेल तर तिथे जाण्यात कमीपणा नाही, माझ्याकडून मीच पाठवते. फक्त सकाळ मोकळी ठेवा आणि डॉक्टरांनी तुमच्यासोबत तासभर बसावं ही अपेक्षा ठेवू नका. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. मरणाचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तो लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

नुसती अ‍ॅप्स? पलीकडे माणूस नसला की लोक दोन आठवड्यांत सोडतात. त्यापेक्षा शिवाजी पार्कला फेऱ्या मारा. चालणं, योग आणि वजनं उचलणं नैराश्यावर उपयोगी पडतं, हे २०२४ मध्ये २१८ चाचण्यांच्या आढाव्यात दिसलंय. थेरपीच्या जोडीला.

तर त्या फोनवर मी हल्ली उत्तर देण्याआधी एकच विचारते. घरात तुम्हाला आतून कडी लावता येईल अशी जागा आहे का? "बाथरूम", असं परवा एकजण म्हणाली. तिला मंगळवारी चारची वेळ दिलीय, दादरला.